टाळांपुढे रेकॉर्डर ठेवण्याआधी

अगं, भजनी मंडळासाठी रेकॉर्डर घेतलास, चांगलं केलंस. सप्ता अजून लांब आहे, तालमी नुकत्याच सुरू झाल्यात, म्हणजे यंत्राची परीक्षा घ्यायला हीच वेळ. दुकानदाराने काउंटरवर 'हॅलो, हॅलो' करून ऐकवलं, त्याला तपासणी म्हणू नकोस. त्याच्या दुकानात ना पखवाज होता, ना दहा जोड टाळ, ना डोक्यावर पत्रा. यंत्र पारखायचं ते आपल्याच देवळात, आपल्याच माणसांपुढे, आणि ज्या दिवशी बिघडलं तरी कुणाचं काही जात नाही अशा दिवशी. मी तर म्हणते, नवं यंत्र आणि नवा आचारी, दोघांनाही सप्त्याआधी घरी चाखून बघावं.

बटणं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतात. बटणाच्या अलीकडचं आणि पलीकडचं तेवढं मी सांगते. सगळं एका दिवसात करू नकोस, आणि वाचून झालं की कागद डब्यात ठेव, फेकू नकोस.

१. पावती आणि खोका जपून ठेव, आणि परत करायची मुदत संपायच्या आत सगळ्या परीक्षा उरकून घे — पुण्यात तपकीर गल्लीतून घे नाहीतर घरबसल्या मागव, मुदतीच्या आतलं दुखणं दुकानदाराचं आणि नंतरचं आपलं.

२. पहिल्या दिवशी तारीख आणि घड्याळ लाव — फाईलवर यंत्राच्या घड्याळाचीच तारीख पडते, आणि सहा महिन्यांनी काकडा कुठला न् हरिपाठ कुठला हे तुला त्या तारखेवरूनच शोधायचंय.

३. सेल बदलले की तारखेवर पुन्हा एक नजर टाक — सेल काही वेळ बाहेर राहिले की पुष्कळ यंत्रं आपला जन्मदिवस विसरतात.

४. मेनूत सेलचा प्रकार विचारलेला असतो, तिथे खरं सांग — साधा अल्कलाईन सेल १.५ व्होल्टचा आणि चार्ज होणारा १.२ व्होल्टचा, चुकीचं सांगितलंस तर भरलेले सेल यंत्राला अर्धे दिसतात, नाहीतर संपत आलेले भरलेले.

५. पूर्ण भरलेल्या सेलवर यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत एकदा चालव आणि किती तास टिकलं ते लिहून ठेव — खोक्यावरचे तास त्यांच्या सेलचे, तुझ्या सेलचे तुलाच मोजायला हवेत.

६. त्याच वेळी शेवटची फाईल उघडते का बघ — सेल संपताना काही यंत्रं फाईल नीट मिटतात, काही उघडीच टाकतात, आणि उघडी राहिलेली फाईल नंतर संगणकात उघडायला फार नखरे करते.

७. दोन्ही सेल एकदम बदल, एक जुना एक नवा करू नकोस — जुना आधी बसतो आणि नव्यालाही बसवतो. आणि सेलची जास्तीची जोडी जवळ ठेव : वेल्ह्याच्या बाजूला पावसाळ्यात लाईटचा भरवसा तुला सांगायला नको. चार्जरवर विसंबणं पुण्यात ठीक आहे.

(तालुक्याचं नाव आता राजगड झालंय हे मला माहीत आहे. माझ्या तोंडात वेल्हेच बसलंय, तुझ्या सासरच्यांनी राग मानू नये.)

८. कार्ड यंत्रात घाल आणि यंत्राच्याच मेनूतून फॉरमॅट कर, संगणकावर करू नकोस — यंत्राला आपली मांडामांड स्वतःच्या हाताने केलेली आवडते, मग फाईल लिहिताना ते अडखळत नाही.

९. नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून बघ, आणि पहिली, मधली आणि शेवटची फाईल ऐक — नकली कार्डावर ३२ जीबी छापलेलं असतं, पोटात जागा थोडीच असते, आणि ते बोंब न मारता जुन्यावर नवं लिहीत जातं.

१०. जागेचा हिशोब पाठ कर : ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट वेव्हला तासाला साधारण ६३५ एमबी लागतात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला जीबीच्या जरा वर — म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर पहिल्या मापाने पन्नासेक तास, दुसऱ्याने तीसेक. रोजच्या तालमीला पहिलं माप पुरतं. ते सीडीचंच माप आहे.

११. एमपी३ वर भरू नकोस, वेव्हवर भर — एमपी३ फाईल लहान करायला आवाजातला जो भाग गाळते, त्यात टाळांची वरची किणकिण आधी बळी पडते. गाणं बरं वाटतं न् टाळ मात्र थरथरतात, आणि मग टाळकऱ्यांवर उगाच आळ येतो.

१२. लांब तालमीत एकाच्या दोन फायली झाल्या तर घाबरू नकोस — बरीच यंत्रं २ जीबी भरले की नवी फाईल उघडतात. फक्त सांध्यावर काही गळतं का तेवढं एकदा ऐकून घे.

आता देवळात चल. इथे मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण मंडळांची निम्मी रेकॉर्डिंगं इथेच वाया जातात.

१३. आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय बंद कर — ती हळू म्हटलेलं वर ओढते आणि मोठ्याने म्हटलेलं खाली दाबते. सावकाश सुरू झालेला अभंग गजरापर्यंत चढतो यातच भजनाचा जीव आहे. ही सोय चालू ठेवलीस तर चढ सपाट होतो, आणि दोन चरणांच्या मधल्या शांततेत पंख्याची घरघर मोठी होऊन बसते.

१४. पातळी ठरवताना बुवांना 'जरा म्हणून दाखवा' असं म्हणू नकोस, थेट गजर घ्यायला लाव — दाखवायला म्हणताना माणूस अर्ध्या आवाजात म्हणतो, आणि टाळकरी तर हातच उचलत नाहीत.

१५. गजर रंगात असताना काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू दे, शून्याला कधी शिवू देऊ नकोस — डिजिटल यंत्रात शून्याच्या वर जागाच नाही; वरचा आवाज तिथे कापला जातो आणि ऐकताना फाटतो. कमी भरलं तर वाढवता येतं, फाटलं तर शिवता येत नाही.

१६. ठरवलेली पातळी सप्त्यासाठी आणखी थोडी उतरव — तालमीला दहा टाळ असतात, सप्त्याला गावोगावचे पाहुणे आपापले टाळ घेऊन उभे राहतात, आणि पाहुण्यांचे टाळ नेहमीच जरा जास्त वाजतात.

१७. नव्या यंत्रांत, झूमच्या एच१ एसेन्शियलसारख्या, ३२ बिट फ्लोटची सोय आहे, त्यात पातळी लावावी लागत नाही — पण म्हणून टाळाच्या तोंडाशी ठेवू नकोस. आकड्यांना मर्यादा नसली तरी माईकच्या पडद्याला असते.

१८. लिमिटर असेल तर चालू राहू दे, त्याच्यावर भिस्त मात्र ठेवू नकोस — एखादा टाळ चुकून जोरात वाजला तर तो सावरून घेतो, अख्खा गजर त्याला पेलत नाही.

१९. तालीम चालू असताना देवळातली घंटा कोण वाजवणार याचा आधी विचार कर, आणि जमलं तर तिचा लोलक तेवढ्यापुरता रुमालाने बांध — अभंगाच्या मध्ये दर्शनाला आलेला माणूस घंटा वाजवणारच, तो त्याचा हक्क आहे, आणि तो टोला तुझ्या सगळ्या गजरापेक्षा उंच जातो.

घंटेवरून आठवलं. नसरापूरच्या बनेश्वराला जाशील तेव्हा तिथली मोठी घंटा नीट बघ. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं, पण घंटा त्याच्याही आधीची आहे : तिच्यावर १६८३ साल आहे आणि क्रूस आहे, कारण ती चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आली, मूळची चर्चमधली. रेकॉर्डर तिच्याजवळ उघडा ठेवू नकोस एवढंच.

२०. यंत्र जमिनीवर, पेटीच्या फळीवर किंवा ओट्याच्या कडेला ठेवू नकोस. तिकाटण्यावर लाव, नाहीतर उंच काहीतरी घेऊन त्यावर सतरंजीची चौपदरी घडी घाल — पखवाजाची धमक आणि पायाने धरलेला ठेका फरशीतून चालत येतो, आणि तो कानाला कळायच्या आधी माईकला कळतो.

२१. उंची बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या जरा वर ठेव आणि तोंड बुवांकडे कर — खाली ठेवलंस तर टाळ थेट माईकच्या रेषेत येतात, आणि पुढे बसलेल्याची पाठ बुवांचा आवाज अडवते.

२२. यंत्राला पुढून जास्त ऐकू येतं की चहूबाजूंनी सारखं, ते आधी ओळख : त्याच्याभोवती फेरी मारत 'पुढे, उजवीकडे, मागे, डावीकडे' म्हणत जा आणि मग ऐक — झूम एच१एनचे दोन माईक ९० अंशांत एकमेकांवरून गेलेले असतात, त्याला पुढचं जास्त कळतं, टास्कॅम डीआर-०५एक्सला चहूकडचं सारखंच. पहिल्या प्रकाराची पाठ टाळांकडे करता येते, दुसऱ्याला गाणाऱ्याच्या जवळ नेण्यावाचून उपाय नाही. याच फेरीत डावं-उजवं उलटं तर भरलं जात नाही ना, तेही कळतं.

२३. दगडी सभामंडपात यंत्र मागे नेऊ नकोस, पुढेच सरकव — मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो. मंडपात गाणाऱ्याचा आवाज असाच उतरतो, भिंतींचा घुमारा मात्र तेवढाच राहतो, आणि चार हात मागे गेलीस की तू बुवांना नाही, देवळाला भरतेस.

२४. घुमटाच्या बरोबर मध्याखाली ठेवू नकोस, हातभर बाजूला घे — गोल छताखाली आवाज परत येऊन एका जागी गोळा होतो, आणि शब्द एकमेकांवर चढतात.

२५. आत बसून भरताना 'लो कट' बंद ठेव, बाहेर वाऱ्यात चालू कर — ती सोय खालचे स्वर गाळते, आणि पखवाजाच्या धुमाला कणीक लावून पखवाजी जो खर्ज काढतो, तोच त्यात वाहून जातो. पखवाजी तुझ्यावर रुसला तर बाकीचं कुणी सांभाळू शकणार नाही.

२६. पेटीच्या भात्याच्या बाजूला ठेवू नकोस — जुन्या भात्याचा श्वास आपल्याला सवयीने ऐकू येत नाही, यंत्राला ती सवय नाही.

२७. दोन मिनिटं सगळ्यांना गप्प बसवून नुसती शांतता भर, आणि हेडफोन लावून ऐक — पंखा, ट्यूबलाईटची गुणगुण, शेजारची पिठाची गिरणी, सगळं त्यात सापडतं. चार्जर लावल्यावर घूंऽऽ वाढत असेल तर तो ५० हर्ट्झचा विजेचा आवाज. सेलवर भर, जातो.

२८. सगळ्यांचे मोबाईल फ्लाइट मोडवर टाक आणि यंत्रापासून दूर एका ताटात ठेव — नेटवर्क शोधताना मोबाईल माईकच्या तारेत टरटर करतात. ताटात ठेवले की कुणी मध्येच बघतही नाही, तो दुसरा फायदा.

२९. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर तालीम थांबवू नकोस, पण त्या रेकॉर्डिंगवरून गाण्याबद्दल काही ठरवूही नकोस — श्रावणात मढे घाटाच्या बाजूला भरशील तेव्हा पखवाज वाजला होता याचा पुरावासुद्धा उरायचा नाही.

३०. माईकवर फोमची टोपी घरातसुद्धा घाल, आणि बाहेर वरून केसाळ कापडाचीही — राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात उभी राहून बोलून बघ, म्हणजे वारा माईकला काय करतो ते एका क्षणात कळेल. पालखीच्या वाटेवर तेवढा वारा नसतो, पण थोडकाही पुरतो.

३१. गुलाल किंवा बुक्का उधळायच्या आधी यंत्रावर पातळ सुती रुमाल टाक, आणि माईकमध्ये गेलेला बुक्का तोंडाने फुंकू नकोस — फुंकरीबरोबर थुंकीचा ओलावा जातो आणि भुकटी जाळीत बसते. मऊ कोरड्या ब्रशने खाली तोंड धरून झाड.

आता बटण दाबू. एवढ्याशा बटणात केवढी फसवणूक भरलेली असते!

३२. लाल दिवा लुकलुकतोय म्हणजे भरलं जातंय असं धरू नकोस — टास्कॅम डीआर-०५एक्ससारख्या यंत्रांत पहिल्यांदा दाबलं की यंत्र फक्त सज्ज होतं, दुसऱ्यांदा दाबल्यावर भरायला लागतं. एच१एनमध्ये एकदाच दाबायचं. दोन यंत्रं हाताळणारी बाई इथेच फसते, आणि हे मला कसं ठाऊक ते तुझ्या बाबाला विचारू नकोस.

३३. दिव्याकडे नाही, आकड्याकडे बघ : सेकंद पळतायत का? — पळता आकडा खोटं बोलत नाही.

३४. सुरू झालं की होल्डची कळ सरकव — बुवांचा नातू कुतूहलाने बोट लावणारच, आणि त्याला रागावून उपयोग नाही.

३५. पाच मिनिटं आधी सुरू कर आणि सगळे उठल्यावर बंद कर — चाल कशी लावायची यावरची चर्चा गाण्याच्या आधी होते, आणि 'तिसऱ्या चरणाला मी चुकलो' हे गाणं संपल्यावर. दोन्ही भरण्यालायक आहेत, आणि नको असेल ते नंतर कापता येतं.

३६. पहिलं मिनिटभर हेडफोन लावून ऐक, कान पूर्ण झाकणारा आणि तारेचा — ब्लूटूथवर आवाज मागून येतो, मग टाळ दिसतो एका वेळी आणि ऐकू येतो दुसऱ्या वेळी. यंत्राला छोटा स्पीकर असेल तर तो बंद ठेव, नाहीतर शिट्टी वाजेल.

३७. तंबोरा किंवा ट्यूनर लावून सुरुवातीला षड्ज अर्धं मिनिट भर, आणि ऐकताना पुन्हा त्याच ट्यूनरशी ताडून बघ — डिजिटल यंत्राची पट्टी सहसा सरकत नाही, पण एकदा खात्री करून घेतली की पुढे पट्टीवरून वाद झाला तर यंत्राला मध्ये ओढता येणार नाही. कॅसेटच्या जमान्यात ती सोय होती : ढिल्या सेलवर भरलेली कॅसेट चांगल्या सेलवर लावली की काळी एकमध्ये गाणारा काळी दोनला जाऊन बसायचा, आणि बुवा खुशीत म्हणायचे, 'काय आवाज लागलाय बघा!'

३८. प्रत्येक वेळी गाणं सुरू व्हायच्या आत यंत्रात बोल : तारीख, गाव, देऊळ, अभंग कुणाचा, चाल कुणाची, पट्टी कुठली, आणि पेटी-पखवाजाला कोण — कागद हरवतो, फाईलचं नाव बदलतं, आवाजाच्या आत ठेवलेलं नाव आवाजाबरोबरच राहतं.

हे एवढं एक माझ्यासाठी मोडू नकोस. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोनवाल्यांनी गौहरजानला भरलं, तेव्हा ती गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव पुकारायची. तबकड्या बनायच्या जर्मनीत, तिथल्या माणसाला गाणारी कोण हे कळावं म्हणून. आणि आपल्या डोंगराकडचं उदाहरण हवं असेल तर जात्यावरच्या ओव्यांचं घे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून पुढे महाराष्ट्रभरच्या हजारावर गावांतल्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि त्यातल्या काही हजार ओव्या आवाजात भरल्या गेल्या. प्रत्येक ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं होतं. म्हणून वीसेक वर्षांनी 'पारी' या संकेतस्थळाच्या लोकांना तो ठेवा हाती आल्यावर त्या गावांत परत जाता आलं, आणि त्यातल्या काही बायका, नाहीतर त्यांच्या लेकीसुना, भेटल्याही. नाव नसतं तर उरली असती नुसती 'कुठल्यातरी बाईची ओवी'. आपल्या गावातही जात्यावरचं गाणाऱ्या आज्या आहेत, मंडळाच्या तालमीतून वेळ काढून त्यांच्याकडे एकदा जा. त्यांच्यासाठी पातळी थोडी वर लाव, जात्याची घरघर कमी नको करू, ओवीची लय त्यातच आहे.

३९. भरण्याआधी विचार, आणि कुठे पाठवणार तेही सांग — तालमीला माणूस चुकायला आलेला असतो. त्याची चूक व्हॉट्सॲपवर गावभर फिरली तर पुढच्या एकादशीला त्याची जागा रिकामी दिसेल.

४०. संतांचे अभंग सगळ्यांचे, पण हल्लीच्या माणसाने बांधलेली चाल त्याची असते आणि गायलेलं गाणं गाणाऱ्याचं — इंटरनेटवर टाकायचं असेल तर दोघांनाही विचार. कायदाही तेच म्हणतो; पण आपण कायद्यासाठी नाही, चहाला परत बोलावतील म्हणून विचारायचं.

४१. घरी आल्यावर जेवायच्या आधी कार्डावरचं संगणकात उतरव, आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेव — जेवण झालं की 'उद्या करू' सुचतं, आणि उद्या कुणीतरी कार्ड मोबाईलमध्ये घालतं.

४२. उतरवलेली फाईल उघडून, मध्यावर जाऊन, चार सेकंद ऐकल्याशिवाय कार्ड पुसू नकोस — नाव आणि आकार बरोबर दिसतात, आणि आत काहीच नसतं, असंही होतं.

४३. फाईलचं नाव तारखेने सुरू कर, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस — संगणक त्या क्रमाने आपोआप रांग लावतो. 'भजन नवीन', 'भजन नवीन २', 'भजन खरंच नवीन' अशी नावं मी बघितलीत.

४४. त्याच रात्री ऐकू नकोस, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक — गाऊन आलेल्या कानात गाणं अजून चालू असतं, आणि ते यंत्रातल्यापेक्षा नेहमी बरंच गोड असतं.

४५. स्वतःचा आवाज ऐकून खचू नकोस — आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, तो भाग माईकला मिळत नाही. बाकीच्यांना तू रोज तशीच ऐकू येतेस, आणि त्यांनी तुला अजून मंडळातून काढलेलं नाही.

४६. आधी लय तपास, स्वर मग : भजनी ठेका ८ मात्रांचा, सुरुवातीच्या एका मिनिटात किती आवर्तनं झाली ते मोज, आणि शेवटच्या चरणाच्या मिनिटात किती ते — गजरात लय चढायचीच, पण अभंगाच्या मधेच चढत असेल तर पखवाज ओढतोय की बुवा ढकलतायत ते यंत्र सांगतं, माणसं सांगत नाहीत.

४७. चूक सगळ्यांदेखत वाजवू नकोस. बाजूला बोलाव, एक हेडफोन त्याच्या कानाला, एक तुझ्या — चारचौघांत ऐकवलेली चूक माणूस नाकारतो, एकट्याला ऐकवलेली सुधारतो. पहिल्यांदा तुझीच चूक ऐकव, म्हणजे पुढचं सोपं जातं.

४८. एक गोष्ट यंत्राला विचारू नकोस : भजन रंगलं की नाही — ते त्याला ऐकू येत नाही. रामनवमीला भोरच्या राजवाड्यातलं कीर्तन ऐकून उठलेली माणसं कशी उठतात ते कुठल्या काट्यावर दिसणार?

४९. पावसाळ्यात काम नसेल तेव्हा सेल काढून यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव, तांदळात खुपसू नकोस — तांदळाची भुकटी जाळीत जाते, ओलावा मात्र फारसा ओढला जात नाही. आणि सेल आत राहिले तर गळून पत्रे खातात. दुकानदार मग नुसता मान हलवतो.

५०. देव्हाऱ्याजवळ ठेवू नकोस, कितीही पवित्र वाटलं तरी — उदबत्तीचा धूर, तेलाचा दिवा आणि नारळाचं पाणी, तिन्ही त्याला वर्ज्य.

५१. चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याला जाताना पिशवी एसटीच्या फळीवर टाकू नकोस, मांडीवर घे — खड्डे जुने आहेत, यंत्र नवं आहे.

५२. मंडळातल्या आणखी एकीला सगळं शिकव, आणि तालमीला एकदा तिलाच भरू दे, तू नुसती टाळ घेऊन बस — नाहीतर दोन वर्षांनी लक्षात येईल की मंडळाच्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये तुझा टाळ नाही.

५३. डब्याच्या झाकणाच्या आतून चिठ्ठी चिकटव : सेल, कार्ड, तारीख, पातळी, होल्ड, आकडा पळतोय का — सप्त्याच्या गर्दीत हुशारी कामाला येत नाही, चिठ्ठी येते.

५४. मला पाठवशील तेव्हा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, व्हॉइस मेसेज करून नको — व्हॉइस मेसेज आवाज दाबतो, आणि मग मला कळत नाही की दाबलाय तुझ्या फोनने की बुवांच्या घशाने. अख्खी तालीम पाठवू नकोस, एकच अभंग पाठव; माझ्या फोनमध्ये तुझ्या आतेभावाने लेकीचे व्हिडिओ भरून ठेवलेत, जागा राहिलेली नाही.